रात्रीची शंभर ताटं: कोणाची भूक कोणती, ते आधी पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरमधल्या एका मराठी मंडळाला गणेशोत्सवापासून मोठ्या सरकारी रुग्णालयाबाहेर रोज रात्री शंभर जणांना खिचडी द्यायची आहे. तिथे झाबुआ, आलिराजपूर, धार, बडवानीकडून पेशंटबरोबर आलेली माणसं आवारात आणि फुटपाथवर राहतात. मंडळाने चार गोष्टी विचारल्या आहेत. शिधा किती लागेल? काळजी कुठली घ्यायची? अगदीच वाळलेली मुलं आली तर त्यांना काय द्यायचं? आणि मंडळातल्या एका ज्येष्ठांचं म्हणणं आहे की फुकट अन्नाने माणूस आळशी होतो, त्यांना काय सांगायचं?

शिधा सांगतोच, पण आधी भुकेबद्दल. रांगेत उभ्या असलेल्या शंभर माणसांची भूक एकसारखी नसते, आणि अन्नदानातल्या बऱ्याच चुका ती एकच समजण्यातून होतात.

मंडळातल्या प्रत्येकाने चतुर्थी किंवा एकादशी केलेली असते, त्यामुळे भूक म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे असं वाटतं. पण उपवासाची भूक कधी संपणार ते आधीच माहीत असतं. चंद्रोदय झाला की पान वाढलं जातं. उपासमारीला असा चंद्रोदय नाही. शरीराच्या दृष्टीनेही दोन्हींत फरक आहे. जेवणानंतर काही तासांनी यकृत स्वतःकडची साखर रक्तात सोडू लागतं. हा साठा साधारण १०० ग्रॅमचा असतो आणि दिवसभराच्या उपासात जवळजवळ संपतो. मग चरबी वापरली जाते आणि तिच्याबरोबर स्नायूही झिजू लागतात. पोटात कावळे ओरडतात ते या सगळ्याच्या सुरुवातीला. जठरातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि मेंदूला भुकेची वर्दी देतं. ते रोजच्या जेवणाच्या वेळेला वाढतं, म्हणजे शरीर वेळ शिकून ठेवतं.

महिनोन्महिने अर्धपोटी राहिलेल्या माणसाचं वेगळं असतं. आपल्याकडे ‘भूक मेली’ म्हणतात, ते अक्षरशः खरं आहे. आजार, जंतुसंसर्ग, झिंकची कमतरता, आक्रसलेलं पचन यांमुळे खाण्याची इच्छाच मंदावते. अशा माणसाला विचारलं तर तो ‘भूक नाही’ म्हणतो आणि ते खरंच सांगत असतो. म्हणून रांगेतून मुकाट्याने बाजूला झालेल्या माणसाकडे लक्ष ठेवायला एक जण नेमा. पुढे घुसून दोनदा मागणाऱ्याची काळजी कमी करा, कोपऱ्यात पान समोर ठेवून नुसता बसलेल्याची जास्त करा.

आता आळशीपणाचा आक्षेप. हा फार जुना आहे. १८७६-७८ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवरच्या मजुरांना जास्त दिलं तर ते सरकारवर विसंबून राहतील, या विचाराने मद्रास आणि मुंबई इलाख्यांत मजुरी कापली गेली. रिचर्ड टेंपल या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नावाने ओळखलं जाणारं ते प्रमाण धडधाकट पुरुषाला दिवसाला १ पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्य आणि वर थोडे पैसे, एवढंच होतं. तेही दिवसभर खडी फोडून आणि माती वाहून. अशा कष्टाला ते पुरत नाही, हे तेव्हाच्या डॉक्टरांनी लिहून कळवलं होतं. अर्धपोटी माणसाचं नेमकं काय होतं, हे १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात मोजलं गेलं. ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने २४ आठवडे अर्धपोटी राहिले. त्यांना दिवसाला साधारण १,५०० ते १,६०० कॅलरी मिळत होत्या. वजन सुमारे पाव भागाने उतरलं, नाडी मंदावली, सतत थंडी वाजू लागली. काम करावंसं वाटेना, माणसांत मिसळावंसं वाटेना, डोक्यात दिवसभर खाण्याचेच विचार. हे सगळे धट्टेकट्टे, शिकलेले, स्वतःहून आलेले लोक होते. शरीराला मिळकत कमी पडली की ते हालचालीचा खर्च कापतं आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो आळस दिसतो. ज्येष्ठांना एवढंच सांगा की क्रम उलटा आहे: आधी पोट रिकामं, मग अंग जड. शिवाय इथला माणूस आपली मजुरी बुडवून पेशंटच्या उशाशी बसलेला आहे. तो काम टाळत नाही, त्याचं काम सध्या तेच आहे.

ही माणसं उपाशी का राहतात तेही समजून घ्या. दाखल झालेल्या पेशंटला रुग्णालयात जेवण मिळतं. सोबतच्याला बाहेरून आणावं लागतं. गावाहून आणलेले पैसे औषधं, तपासण्या आणि बसभाड्यासाठी राखलेले असतात, आणि काटकसर सुरू होते ती सोबतच्या बाईच्या जेवणापासून. सकाळी चहा आणि टोस्ट, दुपारी पोहे, रात्री पाणी. रेशनचं म्हणाल तर अन्न सुरक्षा कायद्याखाली माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं. दिवसाला हिशेब केला तर ते १६५ ग्रॅमच्या आसपास पडतं, म्हणजे पावणेसहाशे कॅलरी. आधार म्हणून ते मोलाचं आहे, पण त्यावर पोट भरत नाही, आणि गावातल्या कार्डाचा फुटपाथवर शिजवायला उपयोग नाही. जी कुटुंबं मजुरीसाठी इंदुरातच महिनोन्महिने राहतात त्यांची गोष्ट निराळी. गावचं कार्ड इथल्या दुकानावर चालतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. मंडळातला एक जण त्यांच्याबरोबर रेशन दुकानापर्यंत गेला तरी मोठं काम होईल.

भांडी विकत घेण्याआधी एक आठवडा पाहणी करा. शहरातली भूक बरीचशी वेळापत्रकाची असते. मंगळवारी आणि शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर भंडारा असतो, सणाच्या दिवशी एकाच फाटकापाशी तीन गाड्या पुरी-भाजी आणि बुंदी घेऊन उभ्या राहतात, दुपारी बारा वाजता अन्न सांडतं आणि रात्री साडेआठला कुणी नसतं. दोघांनी वही घेऊन सकाळी ७, दुपारी १ आणि रात्री ८ वाजता फिरावं आणि एकच प्रश्न विचारावा: ‘शेवटचं जेवण कधी झालं, आणि काय होतं?’ ‘भूक लागली का?’ असं विचारू नका, त्याला माणूस संकोचाने नाहीच म्हणतो. सात दिवसांत कोणता वार आणि कोणती वेळ रिकामी आहे ते वहीत दिसेल. तिथेच उभे राहा.

उत्सवाचे दहा दिवस रोज आणि मग वर्षभर काहीच नाही, असं कृपया करू नका. आठवड्यातले दोन वार ठरवा आणि वर्षभर चालवा. आपल्या इंदूरकरांना हे वेगळं सांगायला नको: अहिल्याबाईंची अन्नछत्रं त्यांच्यामागे टिकली, कारण त्यांनी खासगीच्या, म्हणजे स्वतःच्या जहागिरीच्या, उत्पन्नातून त्यांची कायमची तरतूद करून ठेवली होती. उत्सवाची वर्गणी एकदाच येते. दर महिन्याला ठरावीक रक्कम देणारी पंचवीस-तीस घरं आधी जमवा, आणि जेवढी जमतील तेवढीच ताटं ठेवा. ज्या वाराला माणूस भरवशाने येतो त्या वाराला तुमची गाडी आली नाही, तर तो इतर दिवसांपेक्षा जास्त उपाशी राहतो, कारण त्याने त्या रात्रीसाठी दुसरी सोय केलेली नसते.

आता शिधा. मुलांच्या शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीसाठी माणशी १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ धरतात. मोठ्या माणसाच्या एकमेव जेवणाला ते कमी पडतं. तुमच्या ताटासाठी माणशी १०० ग्रॅम तांदूळ, ५० ग्रॅम सालाची मूगडाळ, १५ ग्रॅम शेंगदाण्याचं कूट, ६० ग्रॅम भाजी आणि ९-१० ग्रॅम तेल धरा. एवढ्यात ७०० कॅलरी आणि बावीस-चोवीस ग्रॅम प्रथिनं मिळतात. शंभर जणांचे झाले १० किलो तांदूळ, ५ किलो डाळ, दीड किलो कूट, ६ किलो भाजी (दुधी, गाजर, बटाटा, पालक) आणि १ लिटर तेल. मीठ ४०० ग्रॅम, त्याहून जास्त नको, कमी वाटलं तर ताटात लिंबाची फोड द्या. हळद ५०-६० ग्रॅम, जिरं १०० ग्रॅम, आलं पाव किलो, मिरची बेतानेच. खर्च वाचवायला डाळ कमी करून तांदूळ वाढवण्याचा मोह प्रत्येक मंडळाला होतो. तिथे ठाम राहा. नुसत्या भाताने पोट तुडुंब भरतं आणि पहाटे पुन्हा रिकामं होतं. कूट आणि डाळ यांनीच रात्र निभते. कुटाचे दाणे खवट किंवा बुरशीचे निघाले तर सगळे टाका, निवडत बसू नका. आणि अख्खे दाणे घालू नका, लहान मुलांच्या घशात अडकतात.

शंभर जणांची खिचडी एका मोठ्या भगोन्यात शिजवू नका. ५० लिटरची दोन जाड बुडाची पातेली घ्या. एकाच उंच भांड्यात वरच्या थराच्या वजनाने खालचा भात चिकट होतो, ढवळताना झारा बुडापर्यंत नीट पोचत नाही आणि खिचडी लागते. एकदा करपट वास लागला की शंभरही ताटं गेली. दोन पातेली असली तर निदान अर्धी वाचतात. लागल्यासारखं वाटलं तर बूड खरवडू नका, गॅस बंद करून वरची खिचडी दुसऱ्या भांड्यात हलक्या हाताने काढून घ्या.

क्रम असा ठेवा. डाळ अर्धा तास भिजवलेली. दोन्ही पातेल्यांत मिळून ४५ लिटर पाणी उकळायला ठेवा आणि शेजारी १० लिटर उकळतं पाणी राखून ठेवा. नंतर गार पाणी ओतलं तर शिजणं थांबतं आणि दाणा मध्ये कच्चा राहतो. डाळ, हळद आणि चमचाभर तेल घालून १५ मिनिटं जाऊ द्या, मग धुतलेला तांदूळ आणि भाजी. टोमॅटो घालायचा असेल तर डाळ मऊ झाल्यावरच, आंबटाने डाळ शिजायला वेळ घेते. मीठही तेव्हाच. तांदूळ साधा जुना घ्या. स्वस्त मिळते म्हणून कणी घेतली तर वीस मिनिटांत खळ होते. फोडणी वेगळ्या कढईत करून शेवटी कुटासकट ओता. तयार खिचडी ६५ किलोच्या आसपास भरते, म्हणजे माणशी साडेसहाशे ग्रॅम. पहिल्या दिवशी तुमचं ओगराळं काट्यावर तोलून घ्या. २०० ग्रॅमचं असेल तर तीन भरून आणि वर थोडी. हे तोलणं कुणी करत नाही, आणि मग पहिल्या साठ जणांना चार-चार ओगराळी जातात आणि शेवटचे वीस जण पातेल्यात डोकावून परत जातात.

साडेपाचला भट्टी पेटली तर सातपर्यंत खिचडी तयार होते. साडेसात ते साडेआठ वाढा. वाढताना खिचडीचं तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं पाहिजे. खुपसायचा थर्मामीटर फार महाग नसतो, तो घ्याच. भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूची बीजं असतात. ती शिजवल्यावरही मरत नाहीत आणि कोमट भातात तासा-दोन तासांत वाढू लागतात. त्यांनी सोडलेलं उलटीचं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून दोन तासांहून जास्त कोमट राहिलेलं अन्न कुणालाही देऊ नये आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी तर कधीच नाही. पातेलं झाकून ठेवलं की आतली खिचडी मध्यरात्रीपर्यंत कोमटच असते आणि नेमकं तेच धोक्याचं आहे. ज्याला जुलाब किंवा उलटी झाली आहे, किंवा हातावर पिकलेली जखम आहे, त्याने त्या दिवशी वाढायलाही उभं राहू नये. जुलाब-उलटी थांबल्यावरही ४८ तास थांबावं. वाढप्यांसाठी आणि जेवणाऱ्यांसाठी साबण आणि नळाची टाकी ठेवा. अन्न सुरक्षा विभागाकडे नोंदणी करून घ्या आणि रोज एका स्वच्छ डब्यात थोडा नमुना फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवा.

एक दृश्य तुम्हाला पहिल्याच रात्री दिसेल. पान घेतलेली बाई भिंतीकडे तोंड करून बसते, चार घास खाते आणि उरलेली खिचडी पिशवीत घालून पदराखाली बांधते. ती खिचडी वर वॉर्डात नवऱ्यासाठी जाणार असते किंवा पहाटेसाठी ठेवलेली असते. तिला रागावू नका. पण ही बांधून नेलेली कोमट खिचडी सगळ्यात धोक्याची आहे, कारण ती चार-पाच तासांनी खाल्ली जाते. वर पेशंट शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवलेला असू शकतो, मूत्रपिंडाचा किंवा मधुमेहाचा असू शकतो. त्यावर उपाय आहे. वाढायला सुरुवात करतानाच मोठ्याने आणि हिंदीतून सांगा की दुसऱ्यांदा मिळेल, पोटभर खा. दुसऱ्यांदा मिळण्याची खात्री झाली की बांधणं बरंच कमी होतं. आणि पहाटेसाठी नेण्याजोगं कोरडं काहीतरी वेगळं द्या: मूठभर भाजलेले फुटाणे आणि गुळाचा खडा, कागदाच्या पुडीत. तो पुडा उशाशी राहिला तरी बिघडत नाही.

झाबुआ-आलिराजपूरकडच्या बऱ्याच घरांत मक्याची किंवा ज्वारीची रोटी हेच जेवण असतं आणि खिचडी आजाऱ्याची मानली जाते. तेव्हा महिन्यातून एकदा तरी घट्ट डाळ आणि रोटी करा. माणशी चार रोट्या धरल्या तर ४०० रोट्या, पंधरा-सोळा किलो पीठ आणि चार जणांचे दोन तास लागतात. सकाळची वेळ रिकामी निघाली तर पोहे, पण नुसते नकोत, मोड आलेल्या मटकीच्या उसळीबरोबर, इंदुरात मिळतात तसे.

आता ज्यांना ताट भरून वाढायचं नाही, त्यांच्याबद्दल. हा भाग सगळ्या वाढप्यांना वाचून दाखवा.

पाच दिवसांहून जास्त काळ जवळजवळ काहीच न खाल्लेला माणूस, विशेषतः दारूच्या आहारी गेलेला किंवा रस्त्यावर भटकत आलेला, याला एकदम पोटभर वाढलं तर जिवावर बेतू शकतं. उपाशी शरीरात फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि बी-१ जीवनसत्त्वाचा साठा संपत आलेला असतो. अचानक भात आणि साखर मिळाली की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं उरलंसुरलं फॉस्फेट पेशींत ओढलं जातं, आणि हृदयाचे ठोके बिघडतात, श्वास लागतो, अंगावर सूज येते. हे त्याच रात्री दिसेलच असं नाही, पुढच्या काही दिवसांत होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या उपाशी कैद्यांमध्ये हे प्रकर्षाने दिसलं होतं. अशा माणसाला एक ओगराळं पातळ खिचडी द्या, सरबत किंवा मिठाई नको, आणि लगेच आत डॉक्टरांकडे न्या. रुग्णालय समोरच आहे, त्याचा उपयोग करा.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाचा मध्यावरचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, म्हणजे अंगणवाडीतल्या पट्टीवर लाल रंग दिसला, तर ते मूल अतितीव्र कुपोषित आहे. दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठा तीन सेकंद दाबून खड्डा राहतो का तेही पाहा. खड्डा राहिला तर दंड जाड वाटला तरी मूल तितकंच धोक्यात आहे, सुजेला बाळसं समजू नका. अशा मुलाला तुमची खिचडी द्यायची नाही. त्याचं यकृत, मूत्रपिंड आणि हृदय मीठ आणि भरपूर प्रथिनांचा भार सुरुवातीला झेलू शकत नाही. अशा मुलांसाठी असलेल्या सरकारी पोषण पुनर्वास केंद्रात त्याला आधी १०० मिलिलिटरला फक्त ७५ कॅलरी असलेलं एफ-७५ नावाचं दूध दर दोन-तीन तासांनी मोजून देतात, आणि तब्येत स्थिरावली की मग १०० कॅलरीचं. लोहाचं औषधही सुरुवातीला देत नाहीत. तोपर्यंत तुमच्या हातात एवढंच आहे: मूल आईच्या अंगाशी उबेत ठेवा, अंगावर पीत असेल तर पाजू द्या. सुस्त वाटलं पण गिळत असेल तर ५० मिलिलिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाचा एक गच्च चमचा साखर विरघळवून थोडं थोडं पाजा. आणि त्याच रात्री रुग्णालयात दाखल करा. आई ‘घरची बाकीची पोरं कोण बघेल’ म्हणून नाही म्हणते, तेव्हा तिला सांगा की केंद्रात तिचं जेवण होतं आणि बुडालेल्या मजुरीपोटी भत्ताही मिळतो. बऱ्याचदा अडतं ते इथेच.

जेवताना फोटो काढू नका. आधार कार्ड, जात, गाव यातलं काही विचारू नका. देणगीदारांना हिशेब दाखवायचा असेल तर रिकाम्या पातेल्यांचा आणि किराण्याच्या पावतीचा फोटो पुरे. जागा असेल तर सतरंज्या टाकून पंगत बसवा, रांगेपेक्षा वेळ जास्त लागतो पण माणूस सावकाश जेवतो आणि वाढप्याला समोरच्याचा चेहरा दिसतो.

पहिल्या रात्री शंभर जणांचं करू नका, साठ जणांचं करा. वहीत तीन आकडे लिहा: किती ताटं गेली, किती किलो उरलं, आणि किती जण परत गेले. सहा खेपांनंतर तुमचा खरा आकडा कळेल. तो कदाचित ऐंशी निघेल आणि शनिवारी तीसच. शिधा त्याप्रमाणे बांधा.